बिल बाकी

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर चढले, आणि गावभागातील इतर घरांप्रमाणे एका मराठीच्या अध्यापकाच्या घराचा तळमजलाही त्यात बुडाला. पाणी ओसरल्यावर गाळातून जे काही वर काढता आले त्यात पत्र्याच्या तीन ट्रंका होत्या. त्यांत त्याच्या मामांच्या फोटो-स्टुडिओतील निगेटिव्ह होत्या. पाकिटांचा कागद लगदा झाला होता आणि फिल्म एकमेकींना चिकटल्या होत्या. ज्या सुट्या करता आल्या त्या त्याने स्वच्छ पाण्यातून काढून गच्चीतल्या दोरीवर चिमट्यांनी अडकवल्या. लग्नातली जोडपी, मुंजीतले बटू, शाळांचे गटफोटो अशी रांग वाळत असताना मधेच काही वेगळ्या निगेटिव्ह दिसू लागल्या. फोडलेले कुलूप, उलटलेला मालट्रक, विहिरीचा काठ, आणि बांधालगत पडलेला एक माणूस.

मामांचा स्टुडिओ सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी होता. चोरी, अपघात किंवा संशयास्पद मृत्यू घडला की ठाण्यातला शिपाई सायकलवरून येई आणि मामा कॅमेरा घेऊन त्याच्याबरोबर निघत. 1987 मध्ये ते वारले. स्टुडिओची जागा रिकामी करताना मामींनी कॅमेरे विकले, रंगवलेले पडदे देऊन टाकले, आणि ट्रंकांकडे बोट दाखवून त्या भाच्याला म्हणाल्या, “त्या पोलिसांच्या पेट्या तेवढ्या घेऊन जा, बाबा. घरात नकोत मला.” त्याने त्या नेल्या आणि तीस वर्षे खाटेखाली ठेवल्या. ट्रंकांबरोबर आलेली स्टुडिओची नोंदवही माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली. पाकिटांवरचे क्रमांक आणि वहीतले क्रमांक जुळतात. बांधालगत पडलेल्या माणसासमोरची नोंद 1961 सालची आहे: ‘अनोळखी पुरुष. पो. स्टे. 3 कॉपी. बिल बाकी.’

त्या निगेटिव्हमध्ये सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी आहे. माणूस कुशीवर आहे, एका पायात वहाण आहे, दुसरी थोड्या अंतरावर पडली आहे. अंतराचे माप कळावे म्हणून तिच्याशेजारी काडेपेटी ठेवलेली आहे. चित्राच्या खालच्या कडेवर एक लांब सावली पडली आहे; तिचे खांदे आणि कॅमेऱ्यावर झुकलेली मान ओळखू येते. घटनास्थळाचे छायाचित्र काढणाऱ्याने त्यात स्वतः दिसू नये, असा या व्यवहाराचा संकेत. सकाळच्या उन्हाने तो मोडला होता.

अध्यापकाला या चित्रात रस निर्माण झाला तो पंचनाम्यामुळे. पंचनामा हा मराठी गद्याचा एक प्रकार मानून त्याची चिकित्सा करावी, असे त्याच्या मनात बरीच वर्षे होते. मराठीच्या अभ्यासक्रमात बखर आली, पत्रे आली, आत्मचरित्र आले. ज्या गद्याने गेली शंभर-सव्वाशे वर्षे मराठी मुलखातील प्रत्येक अपमृत्यू नोंदवला ते मात्र साहित्याच्या कक्षेबाहेरच राहिले. त्याची भाषा ठरीव आहे. ‘सदर’, ‘मजकूर’, ‘वर नमूद’, ‘समक्ष’ या शब्दांनी वाक्ये जोडली जातात. स्थळाचे वर्णन चतु:सीमेने होते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा. कर्ता दिसत नाही. फौजदार सांगतो, हवालदार लिहितो, आणि ज्यांनी यातले एकही वाक्य रचलेले नसते ते पंच खाली सही करतात किंवा अंगठा उठवतात. कायद्याने त्यांच्याकडून एवढेच अपेक्षिलेले आहे की ते परिसरातील दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवासी असावेत. आपण हजर होतो, एवढेच ते सांगतात. निवेदक, लेखक आणि साक्षी यांची अशी फारकत एरवी फार प्रयोगशील कादंबरीतही क्वचितच आढळते.

या लेखाचा कच्चा मसुदा त्याने एका संपादकाकडे पाठवला आणि सोबत त्या निगेटिव्हची प्रत जोडली. संपादकांचे उत्तर सौजन्याचे होते आणि त्यात एकच अट होती: छायाचित्र छापायचे तर स्वामित्वहक्क ज्याचा असेल त्याची लेखी परवानगी हवी. ज्या हक्काला सामान्य व्यवहारात कॉपीराइट म्हणतात, तो या चित्राबाबत कोणाचा, हे शोधण्यात पुढचे काही महिने गेले.

साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकाला या प्रश्नातील विसंगती जाणवल्याखेरीज राहत नाही. 1967 मध्ये रोलाँ बार्थ यांनी लेखकाचा मृत्यू घोषित केला. 1969 मध्ये मिशेल फुको यांनी ‘लेखक म्हणजे काय’ असे विचारून लेखक हे एक कार्य असल्याचे, म्हणजे संहितांचे वर्गीकरण आणि मालकी ठरविण्याची सोय असल्याचे मांडले. मराठीच्या वर्गांतही हे विचार आता सरावाचे झाले आहेत. न्यायालयात मात्र लेखक मेलेला चालत नाही. फिल्मच्या काळात छायाचित्र पुराव्यात यायचे तर निगेटिव्ह हजर करावी लागे आणि ते काढणाऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ‘हे मी काढले’ असे सांगावे लागे. समीक्षेने ज्याला निरोप दिला त्याला न्यायालय समन्स काढत होते. अर्थात, फुको यांचे म्हणणे येथे खोटे ठरत नाही. लेखक कोण हे निसर्गतः ठरत नाही, व्यवस्था आपल्या गरजेप्रमाणे ते ठरवते, याचे छायाचित्राइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल.

कायद्याचा इतिहास हेच दाखवतो. 1884 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑस्कर वाइल्ड यांच्या छायाचित्रासंबंधीच्या खटल्यात छायाचित्रकाराला लेखकाचा दर्जा दिला, कारण त्याने बैठक, पोशाख, प्रकाश यांची योजना केली होती. हा निकष लावला तर घटनास्थळाचे छायाचित्र काढणारा लेखक ठरणे कठीण. त्याने कशालाही हात लावायचा नसतो, आणि योजना असते ती गुन्हेगाराची! ब्रिटिश संसदेचा 1911 चा कायदा, जो 1914 च्या अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानासाठी जुळवून घेण्यात आला, याहून रोखठोक होता. निगेटिव्ह तयार झाली त्या वेळी ती ज्याच्या मालकीची, तोच छायाचित्राचा लेखक, असे त्याने ठरवले आणि निगेटिव्ह तयार झाल्यापासून 50 वर्षांची मुदत घातली. स्वतंत्र भारताचा 1957 चा अधिनियम 21 जानेवारी 1958 पासून अंमलात आला. त्याने छायाचित्र घेणारी व्यक्ती ही लेखक मानली. परंतु लेखक आणि पहिला मालक यांची त्याने फारकत केली. कलम 17 प्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल तर पहिला मालक सांगणारा. आणि शासनाने किंवा शासनाच्या निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली निर्माण झालेली कृती असेल तर, उलट करार नसल्यास, पहिला मालक शासन.

1961 च्या त्या सकाळी मामा पोलिसांच्या बोलावण्यावरून गेले होते. तेव्हा चित्र शासनाचे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण वहीत ‘बिल बाकी’ आहे. मोबदला कधी ठरलाच नसेल आणि दिलाही गेला नसेल, तर ‘मोबदला घेऊन’ ही अट कोठे पुरी झाली? आणि खाजगी स्टुडिओवाल्याने स्वतःच्या फिल्मवर, स्वतःच्या नजरेने घेतलेले चित्र ‘शासनाच्या नियंत्रणाखाली’ निर्माण झाले असे म्हणता येईल काय? या दोन प्रश्नांच्या उत्तरांनुसार दोन अगदी भिन्न भवितव्ये निघतात.

हक्क मामांचा मानला, तर 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राला इतर कलाकृतींप्रमाणे लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षांचे संरक्षण आहे. मामा 1987 मध्ये वारले, म्हणजे 2047 च्या अखेरीस ते संपेल आणि तोपर्यंत हक्क त्यांच्या वारसांचा. भाच्याकडे निगेटिव्ह आहेत एवढ्याने तो मालक होत नाही. वस्तूची मालकी आणि कृतीची मालकी कायद्यात वेगळ्या आहेत. हक्क शासनाचा मानला, तर कलम 28 लागते. त्यानुसार शासकीय कृतीची 60 वर्षे मोजायची ती प्रथम प्रकाशनाच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून. पूर्वी ही मुदत 50 वर्षांची होती; 1941 मध्ये निधन पावलेल्या रवींद्रनाथांच्या लेखनाचे हक्क संपण्याची वेळ आली तेव्हा 1992 च्या दुरुस्तीने मुदती दहा वर्षांनी वाढवण्यात आल्या. प्रकाशनच झाले नाही तर मोजणी सुरूच होत नाही. पोलिसांच्या दप्तरात बंद राहिलेल्या चित्राचा हक्क अशा रीतीने चिरंतन होतो. जे कोणी पाहिलेले नाही त्याचे संरक्षण कधीच संपत नाही. न्यायालयात निशाणी म्हणून दाखल होणे हे प्रकाशन होय किंवा कसे, याचे सरळ उत्तर प्रकाशनाची व्याख्या देणाऱ्या कलम 3 मध्ये मिळत नाही.

याउलट, ज्या खटल्यात ते चित्र दाखल झाले असेल त्याचा निकाल कोणीही छापावा. न्यायनिर्णयाचे पुनर्मुद्रण हा, न्यायालयाने मनाई केली नसेल तर, हक्काचा भंग नव्हे, असे कलम 52 सांगते. याच कलमात ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत असलेल्या जुन्या अप्रकाशित कृतींच्या प्रकाशनालाही एक वाट ठेवलेली आहे. परंतु ती साहित्यिक, नाट्य आणि संगीत कृतींपुरती आहे, कलाकृती, म्हणून छायाचित्रही, तिच्यातून वगळलेले आहे. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम 9 अर्ज नाकारण्याची मुभा देते ती शासनेतर व्यक्तीच्या स्वामित्वहक्काचा भंग होणार असेल तर. शासनाचा स्वतःचा हक्क ही त्याची सबब होऊ शकत नाही. म्हणजे चित्र पाहायला मागता येईल, पण छापण्याचा हक्क त्यातून मिळेल असे नाही. शब्द मोकळा आहे, चित्र बांधलेले आहे. प्रेताचे पंचनाम्यातील वर्णन निकालपत्रात उतरले की ते सर्वांचे झाले. त्याच प्रेताची छाया मात्र मालकीची राहिली.

सातारा आणि सांगली या भूमीत हा भेद तांत्रिक राहत नाही, कारण येथे ‘गुन्हा’ या शब्दाचाच अर्थ एका पिढीत उलटला. 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजला मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार होऊन दोघे गेले. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी तुफान सेनेच्या तरुणांनी अडवून खजिना ताब्यात घेतला. त्याच वर्षी 24 जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव यांना प्राण गमवावे लागले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. कुंडल आणि परिसरात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारचा कारभार 1946 पर्यंत चालला.

राज्यसंस्थेच्या दप्तरात शेणोली हे दरोड्याचे घटनास्थळ होते, सांगलीचा तट हे पलायनाचे. वडूज आणि इस्लामपूर येथे तर गोळी झाडणारी राज्यसंस्थाच होती; तिच्या लेखी गुन्हा जमावाचा होता, आणि रक्त सांडलेली जमीन ‘घटनास्थळ’ या संज्ञेत बसत नव्हती. गुन्ह्याचे चित्र काढायचे तर आधी कोणीतरी ‘हा गुन्हा’ असे म्हणावे लागते, आणि ते म्हणण्याचा अधिकार कॅमेऱ्याच्याही आधी वाटला गेलेला असतो. आज वडूजला हुतात्मा स्मारक आहे, शेणोलीला रुळांजवळ लहानसे स्मृतिचिन्ह आहे. संहिता बदलली नाही, तिचा साहित्यप्रकार बदलला: दरोड्याची कथा शौर्यगाथा झाली. मालकीच्या व्यवहाराने मात्र हे स्थित्यंतर ओळखले नाही. सम्राटाची मालमत्ता संविधानाच्या 294 व्या अनुच्छेदाने संघराज्याकडे आणि राज्यांकडे आली. तेव्हा त्या वर्षांत पोलिसांनी काढलेली फरारींची वा ठार झालेल्यांची छायाचित्रे जेथे कोठे असतील तेथे, प्रकाशित झालेली नसतील तर, त्यांचे स्वामित्व प्रजासत्ताकाकडे आहे. स्वतःच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या ‘आरोपी’ म्हणून घेतलेल्या प्रतिमांचा वारसा प्रजासत्ताकाने चालवायचा, आणि तोही मुदतीविना! त्यात सांगली हे 1943 मध्ये संस्थान होते, सातारा हा ब्रिटिश जिल्हा. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागू नव्हता. ज्या दोन गावांत आज एका दिवसात चार खेपा होतात त्यांच्या मधल्या सीमेवर तेव्हा छायाचित्राचा लेखकही बदलू शकत होता.

पोलिसी छायाचित्रांना दप्तराबाहेरचे आयुष्य मिळाल्याची उदाहरणे अन्यत्र आहेत. सिडनीच्या पोलिसांनी 1910 ते 1964 या काळात काढलेल्या सुमारे 1,30,000 निगेटिव्ह पाणी शिरलेल्या एका गोदामातून वाचवून संग्रहालयात आणण्यात आल्या. त्यांतून 2005 मध्ये पीटर डॉइल यांचे प्रदर्शन आणि पुस्तक साकारले. ऑस्ट्रेलियाने 1 जानेवारी 2019 पासून अप्रकाशित कृतींना लाभणारे अनंत संरक्षणही रद्द केले. न्यूयॉर्क पोलिसांनी 1914 ते 1918 मध्ये घेतलेली हत्यास्थळांची छायाचित्रे ल्यूक सांत यांनी 1992 मध्ये ‘एव्हिडन्स’ या ग्रंथात मांडली. वाल्टर बेन्यामिन यांनी तर 1931 मध्येच आत्जे यांच्या पॅरिसच्या निर्मनुष्य रस्त्यांच्या चित्रांत गुन्ह्याच्या जागेचा भास असल्याचे नोंदवून, छायाचित्र हे मुळात पुरावा म्हणूनच वाचले जाते असे सुचवले. या ग्रंथांनी अध्यापकाला बराच आधार दिला, आणि थोडी अस्वस्थताही. सांत यांच्या पानांवरची प्रेते सुंदर दिसतात. पुराव्याचे प्रयोजन गळून पडले की उरते ती रचना, प्रकाश, पोत. आणि रचनेचा आस्वाद घेणाऱ्याला प्रेताचे नाव लागत नाही.

आपल्याकडच्या एका जुन्या कायद्यात मात्र त्याला एक अनपेक्षित वाक्य सापडले. 1920 च्या कैद्यांच्या ओळखीसंबंधीच्या कायद्याने पोलिसांना मापे आणि छायाचित्रे घेण्याचा अधिकार दिला. त्याच्या कलम 7 प्रमाणे, पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला तर त्याचे छायाचित्र, निगेटिव्ह आणि प्रती, अन्यथा आदेश नसेल तर, नष्ट करावयाचे किंवा ‘त्याच्या हवाली करावयाचे’ होते. वसाहतीच्या एका कठोर कायद्याने, एका कोपऱ्यात का होईना, चित्र ज्याचे आहे त्याला ते परत द्यावे असे म्हटले होते. 2022 च्या ज्या अधिनियमाने त्याची जागा घेतली त्यात निर्दोष ठरलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे, हवाली करण्याची नाही. इतरांच्या नोंदी 75 वर्षे जपायच्या आहेत. स्वामित्वहक्काच्या कोणत्याही कायद्यात तर चित्रातल्या माणसाला जागाच नाही. काढणारा आहे, सांगणारा आहे, पैसे देणारा आहे. जो पडलेला आहे तो फक्त विषय आहे.

येथवर आल्यावर त्या ‘अनोळखी पुरुष’ या नोंदीचा अर्थ त्याला निराळा दिसू लागला. ओळख न पटलेल्या प्रेताचे छायाचित्र काढतात ते लोकांना दाखवण्यासाठी. त्याच्या तीन प्रती ठाण्याच्या फलकावर, शेजारच्या ठाण्यांत, बाजाराच्या दिवशी चावडीवर लागल्या असतील तर ती कृती 1961 मध्येच प्रकाशित झाली, असा युक्तिवाद करता येतो. मग शासनाचा हक्क 2021 च्या अखेरीस संपला. ज्याची ओळख पटली त्याचे चित्र दप्तरात कायमचे बांधलेले. ज्याची पटली नाही त्याचे चित्र मुक्त. माणूस बेवारस होता, आता त्याची प्रतिमाही बेवारस झाली. कायद्याच्या भाषेत ज्याला सार्वजनिक मालकी म्हणतात ती येथे वारस नसण्याचेच दुसरे नाव ठरते.

शिवाय समीक्षेसाठी रास्त वापर हा आधार कलम 52 मध्ये होताच. 1994 च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या प्रकाशनाला, काही पीडितांचे अपवाद वगळता, खाजगीपणाच्या हक्काचा अडसर नाही असेही म्हटले होते. छापण्याला अडथळा असा उरला नव्हता. संपादकांना तसे कळवावयाचे म्हणून तो पुन्हा नोंदवही चाळू लागला.

एवढे दिवस त्याने वहीतल्या एकाच ओळीचे वाचन केले होते. आता सगळी पाने ओळीने पाहिल्यावर एक आकृतिबंध स्पष्ट झाला. फोडलेल्या कुलपाच्या फोटोचे पैसे जमा. मालट्रकच्या अपघाताचे जमा. जप्त केलेल्या हातभट्टीच्या पिंपांचे, तीन महिन्यांनी का होईना, जमा. ‘बाकी’ हा शेरा ज्या नोंदींपुढे होता त्या साऱ्या माणसांच्या होत्या, मेलेल्या माणसांच्या. सव्वीस वर्षांत एकही अपवाद नव्हता. पोलिसांनी मामांना राबवून घेतले, असे त्याने गृहीत धरले होते आणि मसुद्यात त्या अर्थाचे एक वाक्यही लिहिले होते.

मामी आता नव्वदीच्या आहेत. त्यांना विचारल्यावर त्यांनी क्षणभरही आठवायला घेतला नाही. “बिलच करायचे नाहीत ते. म्हणायचे, मड्याच्या फोटोचं काय बिल मागायचं? वहीत लिहून ठेवायचे, हिशेबाला गाळा नको म्हणून. आले की अंगणात अंघोळ, मग घरात.” आणि थोड्या वेळाने, “तू छापणार आहेस का रे ते?”

कायद्याच्या दृष्टीने या उत्तराने काहीच निश्चित होत नाही. मोबदला नाकारल्याने कलम 17 मधील एक अट बाद होते, दुसरी उरते. पण वाचनाच्या दृष्टीने सगळेच बदलते. ‘बिल बाकी’ हे शब्द तक्रारीचे नव्हते, नकाराचे होते. छायाचित्रकाराने निगेटिव्ह जपल्या, कारण उद्या न्यायालय मागेल. प्रती दिल्या, कारण कोणीतरी येऊन ‘हा आमचा’ म्हणेल. विकणे मात्र त्याने नाकारले होते. ज्या चित्राने ‘हा कोण?’ एवढाच प्रश्न विचारायचा होता, आणि तोही त्या माणसाच्या घरच्यांना, ते चित्र पंचनाम्याच्या गद्यशैलीचा दाखला म्हणून छापले तर प्रश्न पुसला जातो आणि अलंकार उरतो. बार्थ यांनी 1980 मधील छायाचित्रविषयक ग्रंथात 1865 च्या एका फाशी जाणाऱ्या कैद्याच्या प्रतिमेसमोर थांबून, हा मेलेला आहे आणि हा मरणार आहे या दोन काळांचा पेच मांडला. तेथे कैद्याचे नाव ठाऊक आहे, कॅमेऱ्याकडे पाहणारी त्याची नजर आहे. बांधालगतच्या माणसाला नजर नाही. वाचकाची नजर त्याच्यावर पडेल, तिला उत्तर येणार नाही. हक्काचा अभाव म्हणजे परवानगी नव्हे, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही; ते लिहिणे कायद्याचे काम नसावे, वाचणाऱ्याचे असावे.

छायाचित्राशिवाय लेख छापण्यास संपादकांनी मान्यता दिली. त्यांच्या मते त्याने लेख दुबळा झाला, आणि हे मत अध्यापकाला चुकीचे वाटत नाही. चित्राऐवजी त्याने चतु:सीमा दिली: पूर्वेस ऊस, पश्चिमेस पाणंद, दक्षिणेस विहीर, उत्तरेस मोकळे रान. सावलीचा उल्लेख केला, चेहऱ्याचा केला नाही.

वाचलेल्या निगेटिव्हची सूची करण्याचे काम आता चालू आहे. अभिलेखागाराच्या पद्धतीप्रमाणे तीत क्रमांक, वर्ष, स्थळ, छायाचित्रकार आणि हक्कधारक असे रकाने आहेत. त्याने आणखी एक रकाना आखला आहे: चित्रात कोण. विहिरीकाठच्या एका स्त्रीसमोर तिच्या गावाने सांगितलेले नाव त्यात भरता आले, आणि तिच्या पुतण्याने मागितल्यावरून तिची निगेटिव्ह, प्रत काढून न ठेवता, त्याच्या हवाली करण्यात आली. 1961 च्या नोंदीसमोर तो रकाना रिकामा आहे. पाकीट नवे आहे, वरचा शेरा जुन्या वहीतून जसाच्या तसा उतरवलेला आहे.